गाडीला अजून एक सिटिंग

"माणसानं डॅशबोर्डखाली डोकं घालावं अशी देवाची इच्छा असती ना, तर त्यानं मानेला एक बिजागरी जादा दिली असती." गाडीच्या पोटातून कुरकुर आली. "आणि ही वायर ज्यानं इथून नेली त्याला बोटं नव्हती. नाकानं ढकलली असणार त्यानं."

बोलणाऱ्याचे पाय सीटच्या पाठीवर होते, पाठ सीटवर आणि डोकं खाली पेडलांपाशी. त्याची थोरली बहीण दारातून अर्धी आत वाकून टॉर्च धरून होती. इतक्या जवळून, की भावाच्या कपाळावरून निघालेला घामाचा थेंब उलटा वाहत केसात कसा शिरतो ते तिला नीट दिसत होतं.

"टॉर्च हलवू नकोस गं ताई."

"मी नाही हलवत. माझा हात अवघडलाय, तो हलतोय."

"मी आपला नळवाला माणूस. पाणी गळलं तर निदान पाय ओले होतात, कळतं. ही वीज गळते कुठं ते कळायचं कसं?"

"वास येतो," बाहेरून डॉक्टर म्हणाले.

डॉक्टर म्हणजे या टॉर्चवालीचा नवरा. आयुष्यभर लोकांचे दात काढले, भरले, बसवले, आणि निवृत्त होताना दवाखान्यातलं गोल फिरणारं स्टूल तेवढं घरी घेऊन आले. त्याच स्टुलावर ते आता गाडीच्या दाराशी बसले होते. कपाळावर छोटा दिवा, हातात लांब दांडीचा तो दातांचा आरसा. आरसा ते डॅशबोर्डखाली घालायचे, तिरका करायचे आणि 'हं' म्हणायचे. तो 'हं' ऐकून पूर्वी भलेभले खुर्चीचे हात घट्ट धरायचे.

"भाऊजी, तुम्हीच या ना आत. तुमचे हात बारीक कामाचे."

"नको, मी बाहेरूनच बघतो. बाहेरून अँगल चांगला मिळतो."

 टॉर्चवालीनं हात बदलला. पक्कड वाजली, कुठलीशी क्लिप सुटली आणि काम पुढं सरकलं. हे 'बाहेरून बघतो' प्रकरण बरेच दिवस चाललं होतं आणि त्यावर न बोलण्यात सगळं घर पटाईत झालं होतं.

गाडी लाल, दोन माणसांची, छत मागं दुमडता येणारी. बुटकी इतकी की तिच्या शेजारून चालताना आपण उगाचच उंच झाल्यासारखं वाटावं. डॉक्टरांनी तरुणपणी ती दुसऱ्या कुणाकडून घेतली होती, तेव्हाच ती काही नवी नव्हती. तिच्यात बसणं म्हणजे न्हाणीघरातल्या टबात उतरणं. आधी पाय, मग धपकन बाकीचा माणूस. उठताना दाराची चौकट धरायची, गुडघे छातीशी घ्यायचे आणि लाजलज्जा सोडून बाहेर पडायचं.

आणि गेल्या वर्षी डॉक्टरांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

गुडघा छान झाला. जिने चढायचे, फिरायला जायचे, खुर्चीतून उठायचे. एका ठरावीक मर्यादेपलीकडे मात्र तो वाकत नव्हता आणि पुढंही वाकणार नव्हता. हे घरात सगळ्यांत नीट कुणाला कळत होतं तर लेकीला. ती लोकांचे सांधे हलवून द्यायचं काम करते. दिवसभर अनोळखी म्हाताऱ्यांना ती खडसावून सांगते, "आजोबा, आता खाली मांडी घालून बसायचं विसरा." घरी आली की गाडीकडे बघते, बाबांकडे बघते आणि विचारते, "चहा कोण घेणार?"

पडदेबाईलाही कळत होतं. पडदेबाई म्हणजे तीच, टॉर्चवाली. खरं नाव गिऱ्हाइकांना आठवत नाही, पडदे मात्र सगळ्यांच्या खिडक्यांना लागलेत, म्हणून ती पडदेबाई. घराच्या तळमजल्यावर पुढं तिची शिवणाची खोली, मागं गाडीचं गॅरेज, मधे एक दार. ऑपरेशननंतर डॉक्टर काठी सोडून चालायला लागले त्याच आठवड्यात तिनं त्या दारातून पाहिलं होतं. त्यांनी गाडीचं दार उघडलं, एक पाय आत ठेवला आणि तसेच उभे राहिले. अर्धे आत, अर्धे बाहेर. मग पाय बाहेर काढला, दार हळूच लावलं, खिशातून रुमाल काढून दाराची मूठ पुसली. पुसायला तिच्यावर काहीच नव्हतं.

रात्री जेवताना म्हणाले, "गाडीचं वायरिंग बदलायला झालंय. असंच चालवणं धोक्याचं आहे."

त्यात खोटं काही नव्हतं. मागे एकदा हेडलाइट लावल्यावर डॅशबोर्डमधून धुराची बारीक रेघ निघाली होती. उघडून पाहिलं तर वायरींवरचं आवरण शिळ्या बिस्किटासारखं झालेलं, बोट लावलं की भुगा. रंग सगळे विटून एकच तपकिरी. आधीच्या मालकांनी जिथं जमेल तिथं वायरींना पीळ देऊन चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या. "मुळापर्यंत कीड गेली आहे," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा कधी नव्हे इतका खुलला.

तेव्हापासून काम सुरू होतं. जुनं सगळं जाळं अलगद बाहेर काढलं. ते मोठं, फांद्याफांद्यांचं, मोडकं प्रकरण ठेवायचं कुठं? पडदेबाईच्या कापायच्या टेबलावर. दुसरीकडे मावतच नव्हतं. तिथं खिळे ठोकून ते ताणून बसवलं, प्रत्येक टोकाला आणि गाडीवरच्या प्रत्येक दिव्याला डॉक्टरांनी चिठ्ठी बांधली, आणि त्याच्या शेजारून नवं जाळं तयार व्हायला लागलं. लोकांचे पडदे खुर्च्यांवर गेले, खुर्च्यांवरचे लोक उभे राहिले.

पडदेबाईला आधी वैताग आला आणि मग, तिला स्वतःलाही कळायच्या आत, गोडी लागली. हे तर तिचंच काम होतं. जुना ब्लाउज उसवून त्यावरून नवा बेतायचा, दुसरं काय? फांदी कुठं फुटते, किती लांब जाते, कुठं माया ठेवायची. डॉक्टर एकेक वायर दात तासल्यासारखी सोलत बसायचे. ती तोवर चार बेतून मोकळी व्हायची. कापडी पट्टी तर ती अशी गुंडाळायची, की तिचा भाऊ म्हणाला, "ताई, याला झालर लावायची राहिली बघ."

पण काम संपेना. संपत आलं की डॉक्टर आरसा घालायचे, 'हं' म्हणायचे आणि सांगायचे, "अजून एक सिटिंग लागेल."

एकदा म्हणाले, फ्यूजची पेटी जुनी आहे, नवी बसवू. मग म्हणाले, हेडलाइटला वेगळा रिले द्यावा, म्हणजे सगळा भार बटणावर येत नाही. मग मागच्या नंबरप्लेटच्या दिव्याची वायर रंगानं जुळत नाही म्हणून पुन्हा ओढायची. ती वायर अंधारात, दारांखालच्या पट्टीच्या आत, जन्मात कुणाला दिसली नसती.

"भाऊजी, हिला आता कवळी बसवा एकदाची," मेव्हणा म्हणाला.

"घाईघाईत केलेलं काम पुन्हा उघडावं लागतं."

"तुमचे पेशंट पळून कसे नाही गेले हो?"

"तोंडात माझे हात असायचे. पळणार कसे?"

सगळे हसले. पडदेबाईही हसली, पण तिचं लक्ष त्यांच्या हातांकडे होतं. हात गुडघा चोळत होते.

तिला बोलायचं नव्हतं असं नाही. बोललं की काय होईल याची तिला धास्ती होती. डॉक्टर घरात तसे अबोल. आयुष्यभर ज्यांना उत्तर देता येत नाही अशा उघड्या तोंडांशी बोलल्यावर दोन्हीकडून बोलायची सवय राहते कुठं? पण त्या गाडीत बसले की हा माणूस बदलायचा. छत मागं टाकलेलं, वारा कानात, इंजिनाचा आवाज, त्यात ते मोठमोठ्यानं काहीबाही सांगायचे, बेसूर गायचे. तिला निम्मं ऐकू यायचं नाही. ती हो हो म्हणायची. तेवढ्या वेळापुरतं तिला वाटायचं, आपलं लग्न बरं लागलं. आता 'तुम्हाला जमणार नाही' असं कुणी म्हटलं तर ते वाद घालणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गाडीवर कापड टाकतील, खिडकीशी जाऊन बसतील, आणि त्या कापडाखाली गाडीबरोबर तो गाणारा माणूसही जाईल. आणि नाही म्हटलं तर? सिटिंगवर सिटिंग. गाडी जागची हलणार नाही ती नाहीच.

कोंडी फुटली ती पडद्यांमुळे. एका नाट्यगृहाच्या मोठ्या पडद्यांचं काम आलं. जाड मखमल, उंचच्या उंच. असं काम तिला आयुष्यात मिळालं नव्हतं.

"मला टेबल हवंय," ती म्हणाली.

"मिळेल की. अजून एक..."

"सिटिंग नाही. येत्या रविवारी हे जाळं गाडीत जाणार. मखमल आली की मी ती काय तुमच्या अंगावर पसरून कापू?"

डॉक्टरांनी लेकीकडे पाहिलं. लेकीनं छताकडे पाहिलं. मेव्हण्याला अचानक शिंक आली.

रविवारी सकाळीच सगळे गॅरेजमध्ये जमले. जाळं गाडीत घालायचं म्हणजे मोठी कसरत. एक अख्खी फांदी दारांखालच्या पोकळ पट्टीतून मागच्या दिव्यांपर्यंत न्यायची होती. नळवाल्यानं त्याची नळ साफ करायची लवचीक तार आणली. ती अर्ध्यात जाऊन हट्टानं बसली. तो घाम पुसत उठला.

"सरक," पडदेबाई म्हणाली. तिनं सुताच्या दोरीला मोठी पिन लावली, वायरींची टोकं दोरीला घट्ट बांधून वर पट्टी गुंडाळली, आणि पोकळीतून पिन बोटांनी चाचपत, थोडी पुढं, थोडी मागं, परकराची नाडी ओवावी तशी ओवत नेली. टोक मागच्या दिव्याच्या भोकातून बाहेर डोकावलं तेव्हा लेकीनं टाळ्या वाजवल्या.

"गाडीला नाडी घातली आईनं!"

"आता सुटणार नाही," भाऊ म्हणाला.

दुपारपर्यंत सगळी टोकं आपापल्या जागी लागली. बॅटरी जोडली. डॉक्टर गाडीपुढे स्टुलावर बसले, आरसा मांडीवर. आत कोण बसणार हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. पडदेबाई जाऊन बसली. बटण दाबणं तिचं, बघणं त्यांचं.

"हेडलाइट."

लागले. दोन्ही, पांढरेशुभ्र. पूर्वी ते पिवळट, झोपाळू होते.

"हॉर्न."

हॉर्न असा वाजला की समोरच्या घराच्या खिडकीत दोन डोकी आली. ती बराच वेळ हटली नाहीत.

"डावा इंडिकेटर."

"पुढं लागला," डॉक्टर म्हणाले. "डावा. उत्तम."

"मागं पण लागला," मागून मेव्हणा म्हणाला. "उजवा."

"उजवा कसा? डावा."

"भाऊजी, मी नळवाला असलो तरी डावं-उजवं कळतं मला. जेवताना लागतं."

डॉक्टर उठून मागं गेले. पाहिलं, पुन्हा पुढं आले. तिनं उजवा लावला. पुढं उजवा, मागं डावा. गाडी पुढच्या माणसाला एक सांगत होती आणि मागच्याला दुसरंच.

"वायरी मी बरोबर लावल्यात," पडदेबाई आतून ओरडली. "तुमच्या चिठ्ठ्या बघून लावल्यात! अक्षरन् अक्षर!"

लेकीनं मागच्या दिव्यांच्या चिठ्ठ्या काढल्या. डॉक्टरांच्या सुबक अक्षरात 'डावा' होतं, ते उजव्या बाजूच्या दिव्यावर होतं. तिनं चिठ्ठी बघितली, मग बाबांकडे बघितलं, आणि तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"बाबा, तुम्ही या कुठं उभं राहून बांधल्या?"

"मागं. गाडीच्या मागं."

"आणि डावं कुठलं धरलंत?"

डॉक्टरांनी हात वर केला, आणि तो आपसूकच उलटा गेला. सगळं आयुष्य त्यांनी समोरच्या माणसाचं तोंड पाहिलं होतं. आपल्या उजव्या हाताला जो दात तो त्याचा डावा. हाताला ते इतकं मुरलं होतं, की डोक्याला विचारायची गरजच पडायची नाही. गाडीच्या पुढं उभं राहिलं तेव्हा ते बरोबर ठरलं, कारण गाडीचं तोंड त्यांच्याकडे होतं.

"अहो," पडदेबाई हसून हसून स्टिअरिंगवर डोकं टेकून म्हणाली, "मागच्या बाजूनं कोण दात बघतं हो?"

मेव्हणा खालीच बसला. डॉक्टर आधी कानापर्यंत लाल झाले, मग त्यांचेही खांदे हलायला लागले, आणि मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. असे ते कित्येक महिन्यांत हसले नव्हते. वायरी अदलाबदल करायला फारसा वेळ लागला नाही. पुन्हा तपासलं. डावं ते डावं, उजवं ते उजवं, पुढून आणि मागून.

आता फक्त इंजिन राहिलं.

पडदेबाई बाहेर आली. दार उघडंच ठेवलं. मेव्हण्यानं किल्ली काढून भाऊजींपुढे धरली. ही किल्ली नेहमी त्यांनीच फिरवायची, हा घरचा नियम. पडदेबाई तिची सामानाची व्हॅन वाटेल त्या बोळातून काढते, पडद्यांचे लांब गज छतावर बांधून. पण या गाडीची किल्ली तिनं कधी मागितली नव्हती आणि त्यांनी कधी दिली नव्हती.

लेकीला फरशीवर पडलेले वायरींचे तुकडे गोळा करायचं सुचलं. मेव्हण्याला पक्कड पुसायचं सुचलं.

डॉक्टरांनी आरसा उचलला. डॅशबोर्डखाली घातला. तिरका केला. सगळे 'हं' ची वाट बघत थांबले. पण 'हं' आलाच नाही. सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्यांनी आरसा खिशात ठेवला, किल्ली घेतली, चौकट दोन्ही हातांनी धरली, डावा पाय ताठ पुढं केला आणि धाडकन आत पडले. गाडी सगळी हलली.

"लागलं का?" पडदेबाईच्या तोंडून निघालं.

"काय लागायचंय? बसलो."

किल्ली फिरली. इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं आणि मग घरघरत जागं झालं. तो आवाज! भिंतीवरचे खिळ्यांचे डबे थरथरले. डॉक्टरांनी रेस दिली, हेडलाइट लावले, वायपर फिरवले, हॉर्न वाजवला, इंडिकेटर लावले, सगळं एकदम, बाजारात नव्या खेळण्यावर पोर तुटून पडावं तसं. धूर नाही, वास नाही. लेकीनं मामाला मिठी मारली. पडदेबाईनं डोळ्यांत काही गेल्यासारखं केलं.

मग त्यांनी इंजिन बंद केलं.

आणि बसून राहिले.

"छान झालं," मेव्हणा म्हणाला.

"छान झालं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी उजवा हात चौकटीवर ठेवला, काढला. स्टिअरिंग धरलं, सोडलं. "मीटरचा दिवा काय सुंदर दिसतो आतून."

"हो ना. बघा की निवांत."

"चहा कोण घेणार?" लेक म्हणाली.

सगळे घेणार होते. चहा आला. डॉक्टरांचा कप खिडकीतून आत गेला, जणू या घरात पिढ्यान् पिढ्या चहा गाडीतच बसून पितात. मेव्हणा बॉनेटला टेकून आरशांच्या काचेवर बोलला, मग टायरांवर, मग टायरांत भरतात त्या हवेवर. हवेवर माणूस किती बोलू शकतो याचा त्या दिवशी विक्रम झाला. लेक आतून उशी घेऊन आली. "पाठीला बरं," म्हणाली. बाबांनी उशी घेतली, पाठीशी ठेवली. "आजचा पेपर दे गं," म्हणाले. पेपर आला. तो त्या बुटक्या गाडीत उघडेना, म्हणून त्यांनी त्याची घडी घालून घालून रुमालाएवढा केला आणि वाचायला लागले.

पडदेबाई स्टुलावर बसली. गोल स्टूल हळूच फिरलं. समोरच्या खिडकीतली डोकी अजून तिथंच होती. एक गिऱ्हाईक बाई पडदे न्यायला आली, गॅरेजमध्ये डोकावली.

"अय्या डॉक्टर, झाली का गाडी? निघालात कुठं?"

"निघतोच आहे," डॉक्टर पेपरमागून म्हणाले.

पडदेबाईनं तिचे पडदे दिले. ती गेली. उन्हाचा चौकोन गॅरेजच्या दारातून मागं सरकत अंगणात गेला. डॉक्टरांनी पेपर उलटा केला आणि दुसरी बाजू वाचली. मग पहिली बाजू पुन्हा. पडदेबाई स्टुलावरून अर्धी उठली, पुन्हा बसली. लेक भिंतीला टेकून नखं बघत होती. मामा हवेवरचं सगळं संपवून कप गोळा करत होता.

डॉक्टरांनी पेपर बाजूच्या रिकाम्या सीटवर ठेवला. चष्मा काढून त्यावर ठेवला.

"मला उठता येत नाहीये," ते म्हणाले.

लेकीनं नखांवरून नजर काढली.

"आजचंच नाही गं हे. ऑपरेशन झाल्यापासूनच मला या गाडीत बसता येत नाही. म्हणून तर एवढं वायरिंग काढलं मी. तुम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि तुम्हाला माहीत आहे हे मलाही माहीत होतं." त्यांनी वर बायकोकडे पाहिलं, किल्ली काढली आणि खिडकीतून तिच्या हातात दिली. "आता दोघांनी मिळून ओढा मला बाहेर. आणि त्या बाजूला नेऊन बसवा, तिकडे स्टिअरिंग आडवं येत नाही. ही गाडी माझ्याच्यानं आता चालवणं होत नाही. तू चालव."